बायोप्सीआधीची बैठक

[दृश्य: दिंडोरीजवळची द्राक्षबाग. छाटलेल्या काड्यांवर काम चालू आहे.]

ऑक्टोबरची, फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी उरकली की काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं, म्हणजे त्याचा लेप लागतो, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हे रसायन कातडीचा दाह करतं आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जीही जडते. हातमोजे नसले की पहिला मार बोटांवर आणि तळहातांवर.

या मजुरांच्या हातावरच्या इसबाचा अभ्यास करायचा ठरवला, तर त्वचारोग विभागाकडे डॉक्टर असतात, कातडीचा गोल तुकडा काढणारा पंच असतो, सूक्ष्मदर्शक असतो. संख्याशास्त्रज्ञ आणि जनुकांच्या आकड्यांचा ढीग उपसणारा बायोइन्फॉर्मॅटिक्सचा माणूस मात्र सहसा नसतो. प्रत्येक विभागाने तो वेगळा ठेवणं परवडतही नाही. चार-सहा विभागांत मिळून एक सामायिक कक्ष हाच शहाणपणाचा मार्ग. अमेरिकेत मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत त्वचासंशोधनाची अशी सामायिक केंद्रं सरकारी निधीवर उभी राहिली. नाशिकला तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच आहे.

अशा कक्षाचं सगळ्यात मोलाचं काम बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढण्याच्या, आधी, तासाभराच्या बैठकीत होऊन जातं.

[दृश्य: टेबलावर तालुक्याचा नकाशा, टोळ्यांची यादी.]

किती मजूर तपासायचे? समजा, शंभरातल्या वीस जणांना इसब असेल असा अंदाज आहे आणि उत्तर पाच टक्के इकडेतिकडे झालेलं चालेल. नेहमीचं सूत्र २४६ मजूर सांगतं. पण हे मजूर सुटे येत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडून मुकादमाबरोबर टोळीने येतात. सगळ्या टोळीला बाग एकच, औषध एकच. मोजे मिळाले तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. त्यामुळे एका टोळीतल्या वीस जणांकडून वीस जणांइतकी माहिती मिळत नाही. टोळीतल्या साम्याचा गुणांक अवघा ०.०५ धरला, तरी १ अधिक १९ (टोळीतले वीस वजा एक) गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट माणसं लागतात. २४६ चे ४८० होतात. वीस-वीसच्या २४ टोळ्या! हा हिशेब ऑगस्टमध्ये झाला तर गावं आणि मुकादम ठरवायला वेळ मिळतो. डिसेंबरात झाला तर पेस्टिंगचे दिवस सरलेले असतात.

[दृश्य: ४ मिलिमीटरचा पंच, छोटी नळी, निवळ द्रावण.]

आता बायोप्सी. काढलेल्या तुकड्यात कोणती जनुकं किती चालू आहेत, हे त्यांच्या आरएनए नकलांवरून मोजायचं असतं. इथे घोळ होतो तो तुलनेत. इसबाचा नमुना तळहाताचा आणि निरोगी नमुना दंडाचा घेतला, तर जनुकांच्या यादीत केराटिन ९ अगदी वरती येऊन बसेल. त्याचा इसबाशी संबंध नाही. ते तळहात-तळपायाच्या कातडीचंच जनुक. कातडीचा आधार विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींतली हॉक्स जनुकंही शरीराच्या जागेप्रमाणे बदलतात. म्हणून तळहाताची तुलना तळहाताशीच, आणि जमेल तिथे त्याच माणसाच्या बऱ्या भागाशी. अशी जोडी मिळाली की वयाचा, सवयींचा, माणसामाणसांतला फरक वजा होतो. मात्र विश्लेषणाच्या सूत्रात रुग्णाचा क्रमांक घालायलाच हवा. तो राहिला की जोडीचा सगळा फायदा वाया.

बऱ्या तळहाताला टाका पडला की त्या माणसाचा रोज बुडतो. हे नैतिकता समितीपुढे आणि संमतीपत्रात स्पष्ट लिहायचं, आणि लागतील त्यापेक्षा एकही पंच जास्त घ्यायचा नाही.

कातडी चिवट असते, तिच्यात आरएनए कमी आणि तो कुरतडणारी विकरं भरपूर. म्हणून तुकडा निघताच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवायचा, द्रावण आकारमानाच्या किमान पाचपट. एक बाजू तरी ५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची हवी, नाहीतर द्रावण आत मुरत नाही. रात्रभर ४ अंशांवर ठेवून मग द्रावण काढून उणे ८० अंशांत. द्रावणातच ४ अंशांवर नमुना महिनाभर टिकतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायला कोरडा बर्फ लागत नाही. फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात जपलेल्या जुन्या ठोकळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांतला आरएनए तुटलेला असतो; तिथे आरएनए किती अखंड आहे हे सांगणारा आरआयएनचा आकडा उपयोगी नाही, डीव्ही २००, म्हणजे २०० अक्षरांपेक्षा लांब तुकड्यांची टक्केवारी, बघावी.

दहा जणांच्या वीस नळ्या जमल्या. सोमवारी सगळ्या इसबाच्या आणि गुरुवारी सगळ्या निरोगी, असा आरएनए काढला तर रोगाचा फरक आणि वाराचा फरक एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करणारं सॉफ्टवेअर अस्तित्वात नाही. प्रत्येक जोडी एकाच खेपेत, आणि खेपेतला क्रम चिठ्ठ्या टाकून.

[दृश्य: पडद्यावर आकड्यांचा तक्ता.]

पुढचं काम ठरलेल्या वाटेने जातं. नमुन्यामागे अडीच-तीन कोटी रीड्स (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे), आधी फास्टक्यूसी या सॉफ्टवेअरने त्यांच्या दर्जाची तपासणी, मग मानवी जीनोमशी जुळवणी. त्यासाठी स्टार हे सॉफ्टवेअर वापरलं तर ३० जीबीच्या आसपास रॅम लागते; सॅल्मन हे दुसरं सॉफ्टवेअर कमीत भागवतं. दोन गटांतला फरक शोधणाऱ्या डीईसेक-टूला जनुकामागच्या रीड्सची कच्ची मोजणीच द्यायची, टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण रीड्स धरून बदललेला आकडा) नाही. एक्सिस्ट हे जनुक स्त्रियांच्या पेशींत चालू असतं. पुरुषाच्या नळीत ते भरपूर दिसलं तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली की सेप्ट-टू या जनुकाची २ सप्टेंबर होते. या तक्रारीपायी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलली, पण जुन्या फायलींत ती अजून आहेत.

वीस हजार जनुकं एकेक करून पाच टक्क्यांच्या कसोटीवर तपासली, तर काहीही फरक नसताना हजारभर ‘सापडतात’. बेंजामिनी आणि हॉकबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची १९९५ ची दुरुस्ती त्यासाठीच. प्रबंधात दुरुस्त केलेलीच पी-किंमत (फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) छापावी.

शेवटी कक्षाने आलेखांबरोबर कोड, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि नमुन्यांचा पूर्ण तक्ता परत द्यायचा. कच्चा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवता येतो. त्याआधी तक्त्यातून गावाचं आणि मुकादमाचं नाव काढायचं. २४ टोळ्यांतला माणूस ओळखायला तेवढं पुरतं.