दगडांच्या नावातले पत्ते

हा स्फटिक जरा जवळून बघा. जांभळट-तपकिरी, सहा बाजूंचा. निदान वरवर पाहता सहा बाजूंचा. माथ्याच्या सपाट पृष्ठावर तिरपा उजेड पडला की सांधे दिसू लागतात, आणि मग कळतं की हा एक स्फटिक नाहीच. तीन स्फटिक एकमेकांत घुसून वाढलेत.

याचं नाव ॲरागोनाइट. शिंपल्यातला मोतीही मुख्यतः याच खनिजाचा बनलेला असतो. स्पेनमधल्या मोलिना दे आरागोन या गावाच्या परिसरातले असे स्फटिक अभ्यासकांच्या हाती लागले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन खनिजतज्ज्ञ वेर्नर यांनी हे नाव दिलं. आता गंमत अशी, की हे गाव आरागोन प्रदेशात नाही. ते शेजारच्या ग्वादालाहारा प्रांतात येतं. गावाच्या नावाचं शेपूट तेवढं खनिजाला चिकटलं.

खनिजाला गावाचं नाव देण्यामागे हिशेब आहे. ज्या नमुन्यावरून खनिजाचं पहिलं वर्णन झालं, तो जिथला, ती जागा अभ्यासकांच्या लेखी कायमची महत्त्वाची ठरते. तिला टाइप लोकॅलिटी म्हणतात. पुढे कधी शंका आली, तर तिथल्याच नमुन्याशी ताडून पाहायचं. नावात पत्ता असला की हे सोपं जातं. मात्र खनिज पहिल्यांदा कुठे ओळखलं गेलं, एवढंच तो पत्ता सांगतो. ते सगळ्यात जास्त कुठे आहे, हे त्यावरून ठरवायला जाऊ नये.

बॉक्साइटचंच घ्या. १८२१ साली फ्रान्समधल्या ले बो (Les Baux) या डोंगरी गावाजवळच्या तांबड्या दगडाचं पृथक्करण पिएर बेर्तिए यांनी केलं. त्यात ॲल्युमिनाचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं, प्रमाण भरपूर निघालं, पण त्याचं करायचं काय? ॲल्युमिनियम हा धातू तेव्हा कुणी वेगळा काढलेलाच नव्हता. ते जमलं १८२५ मध्ये. आज बॉक्साइटच्या मोठमोठ्या खाणी ऑस्ट्रेलियात आणि गिनीत आहेत. नाव मात्र त्या छोट्याशा गावाचंच.

काही पत्ते तर चक्क चुकलेले आहेत. सायनाइट हा खडक म्हणे सायनीचा, म्हणजे इजिप्तमधल्या आजच्या अस्वानचा. पण तिथला तो प्रसिद्ध तांबूस दगड आजच्या व्याख्येप्रमाणे ग्रॅनाइटमध्ये मोडतो. टोपाझचं नाव तांबड्या समुद्रातल्या ज्या बेटाशी जोडलं जातं, तिथे निघणारं हिरवं रत्न ऑलिव्हिन या वेगळ्याच खनिजाचं, म्हणजे पेरिडॉट. टर्क्वाइजची, म्हणजे पिरोजाची, ख्याती इराणमधल्या निशापूरच्या खाणींची. युरोपात तो तुर्कस्तानमार्गे पोचला आणि नावावर हक्क व्यापाऱ्यांच्या वाटेने सांगितला!

ही नावं दुरुस्त का करत नाहीत? माझ्या मते, केली नाहीत तेच बरं. रुळलेलं नाव बदललं की जुने ग्रंथ, नकाशे, संग्रहालयातल्या चिठ्ठ्या, सगळ्यांचाच घोळ होतो.

अचूक पत्त्याची नावंही आहेतच. न्यूझीलंडच्या डन पर्वतावरून ड्युनाइट हा खडक. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून कोमाटीआइट: अब्जावधी वर्षांपूर्वी, आजच्या ज्वालामुखींपेक्षा कितीतरी तप्त लाव्हापासून घडलेला खडक, १९६९ मध्ये विल्युन बंधूंनी ओळखलेला.

आता नवं नाव असं कुणीही परस्पर ठेवू शकत नाही. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा आयोग प्रत्येक प्रस्ताव तपासतो आणि त्यावर मतदान घेतो. शोधणाऱ्याने खनिजाला स्वतःचंच नाव देऊ नये, हा संकेतही पाळला जातो.

स्थळनामाची ही रीत चंद्रापर्यंत पोचली. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या दगडांत एक नवं खनिज मिळालं. ज्या 'शांततेच्या सागरा'त यान उतरलं, त्यावरून त्याला ट्रँक्विलिटीआइट म्हटलं गेलं. पुढची चार दशकं ते फक्त चंद्रावरच्या खडकांत आणि उल्कांमध्ये माहीत होतं. मग पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक अब्ज वर्षांहून जुन्या खडकांत त्याचे सूक्ष्म कण सापडले. म्हणजे चंद्राचा पत्ता मिरवणारं हे खनिज पृथ्वीवर आधीपासूनच होतं.