उद्या साडेदहाला या

(दृश्य : सांगोला, सकाळ. एसटी स्टँडजवळचा रस्ता. पहिल्या मजल्यावर दातांच्या दवाखान्याची पाटी. आतून फोनची रिंग.)

निवेदन :
दवाखाना दहाला उघडतो, पण फोन नऊपासूनच वाजायला लागतो. फोन घेणाऱ्या ताईंच्या पुढ्यात एक लांबडी वही, पेन्सिल आणि खोडरबर. शेजारी कॉम्प्युटर आहे, त्यात पेशंटचे एक्स-रे आणि जुनी माहिती असते. दिवस मात्र आखला जातो वहीत, तोही पेन्सिलीनं, कारण संध्याकाळपर्यंत त्यातलं बरंच पुसावं लागणार हे ठरलेलंच असतं.

ताई (फोनवर) : कधीपासून दुखतंय? रात्री झोप लागली का? गार लागतंय का गरम? चहा प्यायल्यावर ठणका किती वेळ राहतो?

निवेदन :
या प्रश्नांच्या उत्तरांवर वेळ ठरते. गार पाण्यानं झिणझिणून लगेच थांबत असेल, तर दोन दिवसांनंतरची वेळ चालते. गरम चहानं ठणका लागून तो टिकत असेल, आडवं पडलं की वाढत असेल, तर कीड बहुधा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. अशा माणसाला आजच बोलवायचं. आणि जबड्याखाली सूज, अंगात ताप, तोंड उघडेना, गिळवत नाही असं काही ऐकलं, की वही बाजूला ठेवून फोन थेट डॉक्टरांच्या हातात. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर इकडे यायचंच नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. ती सूज गळ्याकडे उतरली तर जिवावर बेतते.

ताईंना लोक ‘फोनवरच्या बाई’ म्हणतात. मला ते पटत नाही. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच उपचाराचा पहिला निर्णय त्यांनी घेतलेला असतो.

(दृश्य : वहीचं पान जवळून. काही ओळी लांब, काही अगदी आखूड. दोन चौकटी रिकाम्या.)

निवेदन :
प्रत्येकाला सरसकट अर्धा तास देऊन इथं भागत नाही. खालच्या दाढेला भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ जड व्हायला पाच-दहा मिनिटं जातात. त्या दाढेच्या मुळांत बहुतेक वेळा तीन नळ्या, वरच्या दाढेत कित्येकदा चौथीही, आणि त्याही वाकड्या. त्या आतून साफ करून भरायच्या म्हणजे रूट कॅनाल, त्याला एक तास धरावाच लागतो. टाके काढायला दहा मिनिटं पुरतात. म्हणून ताई टाक्यांचा पेशंट मुद्दाम भुलीच्या पेशंटला जोडून ठेवतात. एकाचा ओठ जड होईपर्यंत दुसऱ्या खुर्चीतला मोकळा होतो.

आतल्या खोलीत ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र. 121 अंशांवर निदान 15 मिनिटं वाफ, पण तापणं, सुकणं, निवणं धरलं तर सगळा मिळून पाऊण तास सहज जातो. अक्कलदाढ काढायच्या हत्यारांचे संच मोजके, म्हणून तशा दोन केस लागोपाठ घेता येत नाहीत. मधेच वीज गेली तर संच अडकतो आणि पेन्सिल पुन्हा हातात.

मधुमेह असलेल्यांना सकाळची वेळ, नाश्ता आणि गोळी घेऊनच यायचं. लहान मुलंही सकाळीच, तेव्हा ती ताजी असतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांचा दात दिवसाच्या सुरुवातीला काढतात, म्हणजे रक्त थांबायला वेळ लागला तरी डॉक्टर हाताशी असतात. रविवारी इथं जनावरांचा मोठा बाजार भरतो, वाड्या-वस्त्यांवरची माणसं येतात. त्या दिवशी दवाखाना चालू, सुट्टी सोमवारी. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर इतकी गर्दी असते, की त्या आठवड्यात ताई लांबच्या गावच्या कुणाला वेळच देत नाहीत.

(दृश्य : दुपार. ताई वहीच्या मागच्या पानांवरून बोट फिरवतायत. काही नावांसमोर लाल खूण.)

निवेदन :
या लाल खुणा मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. ही माणसं पहिल्या सिटिंगनंतर आलीच नाहीत. नस काढली, नळ्यांत औषध ठेवलं, वरून तात्पुरतं सिमेंट भरलं. ठणका गेला, आणि माणूसही गेला. ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. झिजलं की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. कॅप नसलेली पोकळ दाढ एखाद्या दिवशी भाकरीच्या कडेवर चिरते. वाचण्यासारखी होती, ती शेवटी काढावी लागते.

ताई (फोनवर) : मामा, दुखत नाही ते चांगलंच आहे. पण आत नुसतं औषध आहे, काम निम्मंच झालंय. डाळिंबाची तोडणी चाललीय? मग बुधवारी पहिल्या गाडीनं या. साडेदहाला आत घेते, बाराच्या गाडीला मोकळे. पैशाचं? त्याची काळजी नको, प्रत्येक खेपेला थोडे थोडे द्या. डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं.

निवेदन :
पैशाचा विषय मामांनी काढला नव्हता. ताईंनी तो ओळखला. न येण्याचं कारण कित्येकदा तेच असतं, आणि ते आपणहून कुणी सांगत नाही.

(दृश्य : फोन वाजतो. ताई उभ्या राहून बोलतायत.)

ताई : दात सापडलाय का? पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. घासू नका. वाटीभर गार दुधात टाका आणि निघा. किती वेळात पोचाल? या, या.

निवेदन :
शाळेतून फोन. नववीतल्या मुलाचा पुढचा दात कबड्डीत पडला, मुळासकट. दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत, हा पक्का आहे. पहिल्या अर्ध्या-एक तासात बसवला तर मूळ जगायची आशा सगळ्यांत जास्त. पानावरच्या त्या दोन रिकाम्या चौकटी रोज अशांसाठीच राखलेल्या असतात. आज मात्र सकाळची ठणक्यात गेली आणि संध्याकाळची यायला अजून वेळ आहे. कवळीच्या ट्रायलला आलेल्या आजोबांपाशी जाऊन ताई हळू आवाजात सगळं सांगतात. आजोबा खुर्ची सोडतात. “पोराला घ्या आधी. मी बसतो की बाहेर.”

(दृश्य : मुलगा बाहेर येतो. दातावर बारीक तार चिकटवलेली. सोबत पीटीचे सर.)

ताई : तार दोन आठवडे राहील. त्याच्या आत रूट कॅनाल सुरू करायचंय, त्यात टाळाटाळ नको. सहामाही कधीपासून?

सर : सोमवारपासून. पेपर सकाळी आहेत.

ताई : मग पुढच्या गुरुवारी चारला आणा. घरच्यांनाही घेऊन या, त्यांच्याशी बोलायचंय. नंबर सांगा त्यांचा.