‘आपले मित्र’ आणि वीस हजार डॉलर

(पडद्यावर: व्हर्जिनियातली टेकडी, हिवाळा, घुमटाचं घर)

१७ फेब्रुवारी १८२६. मॉन्टिसेलो नावाच्या या घरात थॉमस जेफरसन पत्र लिहायला बसले आहेत. वय ब्याऐंशी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच हातानं लिहिला. राष्ट्राध्यक्षपद सोडून सतरा वर्षं होत आली. पत्र जाणार आहे तीसेक मैलांवर, माँटपेलियरला. तिथं राहतात जेम्स मॅडिसन, तेही माजी राष्ट्राध्यक्ष.

सुरुवात विद्यापीठाच्या कामकाजानं होते. व्हर्जिनिया विद्यापीठ वर्षभरापूर्वीच सुरू झालंय, दोघांचाही त्यात जीव गुंतलाय. कायद्याचा प्राध्यापक कोण नेमावा, त्याची मतं कशी असावीत, यावर बरंच लिहून झाल्यावर पत्र पैशांकडे वळतं. घरची अडचण सांगायला आलेला माणूस आधी इकडचं तिकडचं बोलत राहतो ना, ते पत्र वाचताना मला तसंच वाटतं.

कर्ज जुनं होतं. सासरे १७७३ साली वारले, तेव्हा त्यांच्या जमिनीबरोबर त्यांचं देणंही जेफरसन यांच्याकडे आलं. पुढे घराचं न संपणारं बांधकाम, पाहुण्यांचा राबता आणि तंबाखू-गव्हाचं बेभरवशाचं उत्पन्न. माजी राष्ट्राध्यक्षांना त्या काळी निवृत्तिवेतन नव्हतं. १८१५ मध्ये त्यांनी सुमारे साडेसहा हजार पुस्तकांचा संग्रह २३,९५० डॉलरना काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला विकला. त्यातूनही सगळं देणं फिटलं नाही.

आणि मग विल्सन केरी निकोलस आले.

निकोलस म्हणजे व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर, जुने राजकीय सहकारी आणि आता सोयरेही. त्यांची मुलगी जेफरसन यांच्या थोरल्या नातवाला दिलेली. १८१८ साली त्यांनी जेफरसन यांना दहा-दहा हजार डॉलरच्या दोन कर्जरोख्यांवर जामीन राहायला सांगितलं. नातसुनेच्या वडिलांना नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. जेफरसन यांनी सही केली. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, निकोलस बुडाले आणि वीस हजारांचा बोजा जामीनदाराच्या डोक्यावर आला.

सात वर्षांनंतरच्या या पत्रात ते मॅडिसनना सांगतात, की माझी स्वतःची कर्जं बरीच होती, पण थोडी मालमत्ता छाटून निभावलं असतं. इतक्यात आपले मित्र डब्ल्यू. सी. एन. (म्हणजे निकोलस) यांनी अखेरचा घाव घातला. तेव्हापासून त्यांच्या कर्जाचं वर्षाला बाराशे डॉलर व्याज मी भरतोय.

घाव घातला, असं लिहितानाही ‘आपले मित्र’. हे दोन शब्द मला या पत्रातले सगळ्यात मोठे वाटतात. निकोलस १८२० मध्येच गेले होते, तेही जेफरसन यांच्या नातवाच्या घरी. त्यांना मूठमाती मिळाली ती जेफरसन घराण्याच्या दफनभूमीत.

आता उपाय एकच उरलाय: लॉटरी. जमिनीला गिऱ्हाईक नाही, भाव पडलेले. म्हणून जमीनच बक्षीस ठेवून तिकिटं विकायची; त्यासाठी विधिमंडळाकडे सोडतीची परवानगी मागितलीय. ती नाकारली, तर इथलं सगळं विकून व्हर्जिनियातल्याच बेडफर्ड परगण्यात जावं लागेल, जिथं डोकं टेकायला लाकडी झोपडीसुद्धा नाही. पुरायला जागा उरेल की नाही, तेही या विक्रीवर अवलंबून.

(पडद्यावर: पत्राचं शेवटचं पान)

शेवटी पन्नास वर्षांच्या मैत्रीची आठवण येते. आयुष्यभर तुम्ही माझा आधारस्तंभ होतात, असं ते लिहितात. आणि मग: ‘मी गेल्यावर माझी काळजी घ्या.’

मॅडिसन यांचं उत्तर आठवड्यात आलं. तेही तंगीत होते; निवृत्तीनंतर तंबाखूचं आणि गव्हाचं एकेकच बरं पीक हाती लागलं होतं. पैसे देणं त्यांना शक्य नव्हतं. विद्यापीठाचा कारभार मात्र त्यांनी पुढे सांभाळला.

लॉटरीला परवानगी मिळाली, पण तिकिटं खपली नाहीत. ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन गेले. मागे कर्ज राहिलं एक लाख सात हजार डॉलरहून जास्त.

ते फेडलं कोणी? पत्रात ‘मालमत्ता’ हा शब्द येतो. तिच्यात माणसंही होती, आणि हे पत्र त्यांच्याबद्दल गप्प आहे. मित्राची एवढी भीड बाळगणाऱ्या माणसाचं हे मौन मला सोसत नाही. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोच्या १३० गुलामांच्या लिलावाची जाहिरात निघाली.

जो फॉसेट हा तिथला लोहार. जेफरसन यांच्या मृत्युपत्रानं पाच जणांना मुक्ती दिली, त्यांतला एक. पण त्याची बायको ईडिथ, जेफरसन यांच्या स्वयंपाकघराची मुख्य आचारीण, आणि मुलं लिलावात उभी राहिली. वेगवेगळ्या खरेदीदारांनी त्यांना नेलं. त्यांचा मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता.

फॉसेट ऐरणीवर घाव घालत राहिला, जमेल तशी आपली माणसं सोडवत राहिला. १८३७ साली त्यानं मुक्तिपत्र नोंदवलं. त्यात ईडिथ आहे, पाच मुलं आहेत, चार नातवंडं आहेत.

पीटर त्यात नाही. त्याला सुटायला १८५० च्या आसपासचं साल उजाडावं लागलं.