तेलाची बाटली जरा लांब ठेवा

(दृश्य : टेबलावर जुनं होल्स्टर, कॅमेरा हळूहळू पितळी बटणाजवळ)

हे वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरचं होल्स्टर, म्हणजे ते अडकवून ठेवायचं चामडी म्यान. बटणाभोवती हिरवा, मेणचट थर दिसतोय ना? बुरशी नाही ती. चामड्यात मुरलेलं तेल पितळेतल्या तांब्याला खातं आणि हा थर धरतो. म्हणजे कुणीतरी मोठ्या मायेनं वर्षानुवर्षं तेल चोळलंय, त्याचा हा प्रताप! लाकडी टूथपिक घ्या, कोरडंच खरवडा. पितळेच्या पॉलिशचा थेंबही चामड्यावर पडता कामा नये.

(दृश्य : खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा)

अशी होल्स्टरं ज्या पट्ट्याला अडकवत, तो ‘सॅम ब्राऊन’. १८५८ साली रोहिलखंडातल्या लढाईत सॅम ब्राऊन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा डावा हात गेला. तलवार उपसताना म्यान धरणार कोण? त्यानं खांद्यावरून पट्टा घेऊन म्यान जागच्या जागी बांधून टाकलं. आपल्याकडे पोलीस अधिकारी समारंभात आजही हा पट्टा घालतात. फौजेसाठी असं सामान कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनायचं आणि तिथलं कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं असायचं.

सालीत कमावलेलं चामडं टिकाऊ खरं, पण कोळशाच्या धुरापुढे हात टेकतं. धुरातला गंधक आत मुरतो, त्याचं आम्ल होतं आणि चामडं आतून कुजतं.

(दृश्य : बोटाला लागलेली तांबूस पूड)

नुसतं बोट फिरवलं तरी विटकरीच्या भुकटीसारखी पूड हाताला लागते. याला ‘रेड रॉट’ म्हणतात. गेलेलं चामडं परत येत नाही, कुणी काहीही विकू दे. तेल लावलंत तर पुडीचा चिखल होतो. संग्रहालयातले जाणकार क्लुसेल जी नावाचा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या हातानं लावतात. पूड धरून राहते, बस. धडधाकट होल्स्टरला तर मऊ ब्रशनं धूळ झटकण्यापलीकडे बहुतेक वेळा काहीच लागत नाही. सॅडल सोप, म्हणजे चामडं धुवायचा साबण, रोजच्या वापरातल्या खोगिराला ठीक. त्यातलं पाणी जुन्या चामड्याला सोसत नाही.

पावसाळ्यात पांढरी पुटं आली की लोक घाबरतात. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून क्षणभर द्या. पुट विरघळलं तर ती आतून वर आलेली चरबी, मऊ फडक्यानं पुसा. तसंच राहिलं तर बहुधा बुरशी. मग मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या ब्रशनं झटका.

(दृश्य : आम्लरहित कागदाचे बोळे आत भरले जात आहेत)

शस्त्र आत ठेवू नका. चामडं ओल धरतं, पोलादाला गंज चढतो. आकार टिकावा म्हणून आम्लरहित कागदाचे बोळे भरा. झाकण ताठलं असेल तर आहे तसंच राहू द्या, वाकवायला गेलात की घडीवर तुटलंच. प्लास्टिकची पिशवी नको, सुती कापडात गुंडाळा. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहतेय का, ते छोट्या मीटरवर अधूनमधून बघत जा.