सावली आधी दिसते

[दृश्य : सकाळची कोवळी उन्हं. किनाऱ्यालगतचं स्थिर, स्वच्छ पाणी.]

ह्या पाण्याकडे जरा वेळ नुसतं बघत राहा. गुडघाभर खोली, तळाला पांढरी वाळू, मध्येच हिरव्या गवताचे पट्टे. काहीच नाही इथे, असं वाटतंय ना? मलाही पहिले दोन दिवस असंच वाटलं होतं.

हे बेलीझ देशातलं की-कॉकर बेट. कॅरिबियन समुद्रातल्या अशा लहान, सखल बेटांना इथे ‘की’ म्हणतात. लांबी आठेक किलोमीटर, रुंदी दोन किलोमीटरही नाही. माणसं पायी फिरतात, सायकलवर किंवा गोल्फ कार्टमधून. पूर्वेला, दीडेक किलोमीटरवर फेसाची पांढरी रेघ दिसते, तिथे प्रवाळभिंत आहे. ही भिंत सुमारे ३०० किलोमीटर लांब आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवाळभिंतींमध्ये तिची गणना होते. भर समुद्रातून येणाऱ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत किनाऱ्यापर्यंत पोचतं ते दमलेलं, शांत पाणी.

कोकणातला समुद्र पाहत वाढलेल्या डोळ्यांना हे नवीन आहे. आपल्याकडे नद्या गाळ आणतात, भरती-ओहोटी दिवसातून दोनदा सगळं ढवळून काढते, कमरेएवढ्या पाण्यात स्वतःचे पायही दिसत नाहीत. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीत-दीड वीत. बेटावर नदी नाही. आणि वाळू म्हणजे प्रवाळांचा, शिंपल्यांचा आणि चुनखडी साठवणाऱ्या शेवाळाचा चुरा. पांढऱ्याशुभ्र कागदावर शाई सांडावी तशी ह्या तळावर प्रत्येक सावली उठून दिसते.

म्हणून मासा शोधू नका. सावली शोधा.

[दृश्य : गवताच्या कडेला एक काळपट डाग.]

तो डाग पाहा. गवताचंच ठिगळ वाटेल. पण गवताची कड फाटकी असते, पाण्याबरोबर डुलते. ह्याची कड कात्रीने कापल्यासारखी आहे. आणि तो सरकतोय.

हा पाकट. आपल्या मासळीबाजारात पाकट येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची शेपटी कापलेली असते, अंग थंडगार, निस्तेज. जिवंत पाकट पोहताना ज्यांनी पाहिलाय अशी माणसं आपल्यात फार थोडी. ह्या जातीला इंग्रजीत सदर्न स्टिंगरे म्हणतात. मादी नरापेक्षा कितीतरी मोठी, तिची रुंदी दीड मीटरपर्यंत जाते. ती पंख फडफडवत नाही. अंगाच्या कडेने एक लाट पुढून मागे जाते, बस्स, आणि एवढं मोठं अंग आवाज न करता निघून जातं.

[दृश्य : कॅमेरा पाण्याखाली, वाळूच्या अगदी जवळ.]

आता ती थांबली. कडा दोन-चारदा झटकल्या, वाळू उडाली, खाली बसली आणि मादी नाहीशी झाली.

नाहीशी झालेली नाही. वाळूतून वर आलेले ते दोन उंचवटे तिचे डोळे आहेत. त्यांच्या लगेच मागे दोन छिद्रं आहेत. उघडतात, मिटतात. पुन्हा उघडतात. तिचं तोंड आणि कल्ले पोटाच्या बाजूला, म्हणजे वाळूत दबलेले. तोंडाने पाणी ओढलं तर आत वाळूच जाईल. म्हणून ती पाठीवरच्या ह्या छिद्रांतून स्वच्छ पाणी आत घेते आणि खालच्या कल्ल्यांतून बाहेर सोडते. आपण एक हात अंतरावर आहोत आणि समोर वाळू श्वास घेते आहे. इतकं जवळून हे पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी स्वतःचा श्वास रोखून धरला होता.

डोळे पाठीवर, तोंड पोटावर. मग खाणार काय हे तिला दिसतं कसं? दिसत नाहीच. तिच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं आहेत, ती वीज ओळखतात. वाळूत दडलेल्या खेकड्याभोवतीची अतिशय क्षीण वीज तिला जाणवते. मग ती तिथेच बसते, वाळू उकरते, तोंडाने पाण्याचा झोत मारते आणि खेकडा ओढून घेते. तेव्हा धुरळ्याचा ढग उठतो. उथळ पाण्यात असा ढग दिसला की तिकडे बघायचंच. बऱ्याचदा तिच्या पाठीवर एखादा बार जॅक मासा तरंगत असतो, तिने उठवलेल्या किड्या-कोळंब्यांवर टपून.

इथे पाण्यात उतरताना एक गोष्ट पाळा. पाऊल उचलून टाकू नका. वाळूत घासत, सरकवत न्या. पाकट अंगावर धावून येत नाही, वाळूतली हालचाल त्याला कळते आणि तो निघून जातो. पण अचानक पाठीवर पाय पडला तर शेपूट वर येते, आणि शेपटीवर करवतीसारखा, विषारी काटा असतो. लागलाच, तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरतात. आणि डॉक्टर गाठा. काटा स्वतः उपटायच्या फंदात पडू नका.

[दृश्य : सकाळ, उथळ सपाट पाणी. मध्येच चमकणारी शेपटी.]

सकाळी लवकर आलात तर बोनफिश दिसतील. किंवा दिसणार नाहीत. ह्या माशाचं अंग आरसा आहे, भोवती जे असेल ते त्याच्यात दिसतं. तळावर सावल्यांचा एक घोळका सरकताना दिसतो आणि त्या सावल्यांचे मालक मात्र सापडत नाहीत. चरायला डोकं खाली गेलं की शेपटीचं टोक पाण्याबाहेर येतं, उन्हात लकाकतं. तेवढाच क्षण.

सूर्य पाठीशी ठेवा. पोलराइज्ड चष्मा असेल तर घाला, पाण्यावरची चकाकी तो कापून टाकतो. मात्र स्वतःची सावली पाण्यात पडू देऊ नका. वरून पडणारी सावली म्हणजे पक्षी, आणि पक्षी म्हणजे मरण, हे इथला प्रत्येक मासा जाणतो.

[दृश्य : लाकडी धक्का. पाण्यात मोठ्या रुपेरी आकृत्या.]

धक्क्याच्या खांबांमध्ये आहेत ते टार्पन. हा मासा अडीच मीटरपर्यंत वाढतो, वजन शंभर किलोच्या वर जातं, आणि पन्नासहून अधिक वर्षं जगतो. मोठाले खवले, वर वळलेला खालचा जबडा, टपोरे डोळे. मध्येच तो वर येऊन हवेचा घोट घेतो. त्याची वायुपिशवी फुप्फुसासारखं काम करते, म्हणून खारफुटीतल्या कोंदट पाण्यातही त्याला जगता येतं. धक्क्याच्याच सावलीत तपकिरी नर्स शार्क पडून असते. ही शार्क तळाशी स्वस्थ पडून, कल्ल्यांवरून पाणी ढकलत श्वास घेऊ शकते. ओठांजवळ दोन मिशा असतात. तिला डिवचलं नाही तर ती तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

[दृश्य : पाण्यावर दोन काळी टोकं.]

आणि पाण्यावर अशी दोन टोकं शेजारी-शेजारी दिसली तर घाबरू नका. दोन शार्क नव्हेत, ती एकाच ईगल रेच्या, म्हणजे पाकटाच्याच एका भाऊबंदाच्या, पंखांची टोकं आहेत. काळसर पाठ, तिच्यावर पांढरे ठिपके, आणि बदकाच्या चोचीसारखं नाक. दातांच्या पट्ट्यांनी शंख फोडून खातो हा.

[दृश्य : पश्चिम किनारा, संध्याकाळ. घोट्याएवढ्या पाण्यात पाकट.]

संध्याकाळी बेटाच्या पश्चिम बाजूला लोक जमतात, कारण पाकट घोट्याएवढ्या पाण्यात येतात. पाय न हलवता उभं राहिलात तर अंगाची कड तुमच्या पायाला घासून जाते.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. खायला घालू नका. शेजारच्या अँबरग्रिस बेटाजवळच्या शार्क रे अॅलीत आणि केमन बेटांवर कोळी मासळी साफ करून उरलेलं पाण्यात टाकत, त्यावर पाकट जमू लागले, मागोमाग पर्यटक आले. केमनमध्ये अभ्यासकांना असं आढळलं की एरवी रात्री हिंडणारे तिथले पाकट दिवसा जागे राहू लागले, थोड्या जागेत दाटीने राहू लागले. एकमेकांना चावल्याच्या, बोटींना आपटल्याच्या जखमा त्यांच्या अंगावर वाढल्या. स्क्विडचा एक तुकडा हातात धरून काढलेला फोटो आपल्याला एका दिवसाचा आनंद देतो, त्या जनावराची मात्र दिवस-रात्र उलटी होते. हात मागे बांधून पाहिलं तरी ते तितकंच जवळ येतं, फक्त थांबावं लागतं.

बेलीझने स्वतः बरंच केलंय. २००९पासून इथे बोनफिश, टार्पन आणि ‘परमिट’ नावाचे मासे गळाला लागले तरी पाण्यात परत सोडावे लागतात. २०२० साली गिलनेटवर, म्हणजे माशांचे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्यांवर, बंदी आली. ही प्रवाळभिंत युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होती, २०१८ साली तिचं नाव त्या यादीतून निघालं.

[दृश्य : मावळतं ऊन. पाकट खोल पाण्याकडे वळतो.]

उजेड कमी होतोय. ती मादी उठली. पाठीवरची वाळू दोन्ही बाजूंनी ओघळली आणि ती खोल पाण्याकडे निघाली. जिथे बसली होती तिथे परातीएवढा खळगा उरलाय. दोन छोटे मासे आत उतरलेत, कडेची वाळू चोचावतायत. खळग्याची एक बाजू हळूहळू ढासळते आहे.