बोटं गोठली म्हणून

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे जुनी इटालियन रेसिंग सायकल. ती जोडायची कशी आणि चालवायची कशी. वेळ थोडा आहे आणि मला एक गोष्ट सांगायचीच आहे, म्हणून जोडणीचं आधी उरकतो. पंक्चर कसं काढतात, चेनला तेल कुठे सोडतात हे तुम्हाला सांगायला नको.

बियांकी, चिनेल्ली, कोलनागो, दे रोझा ही यातली मोठी घराणी. यांच्या चांगल्या फ्रेमची नळी बहुधा मिलानच्या कोलंबस या नळ्या बनवणाऱ्या कंपनीची. तिच्या एसएल जातीच्या नळीचा पत्रा टोकांना ०.९ मिलिमीटर जाड, तर मध्ये फक्त ०.६. त्यामुळे जुनी फ्रेम घेताना रंगावर भाळू नका. हँडलच्या मानेखालून तिरकी नळी निघते ना, तिच्या पोटाकडून बोट फिरवा. सुरकुती लागली की समजायचं, ही समोरून कुठेतरी धडकलेली आहे. मुकाट्याने परत ठेवायची.

दुसरं, पायडलचा एक्सल ज्या कपांत फिरतो ते कप. ब्रिटिश पद्धतीच्या सायकलीत उजव्या कपाला उलटे आटे असतात. इटालियनला दोन्ही बाजूंना सुलटेच. पुन्हा सांगतो, दोन्ही बाजूंना सुलटे. सवयीने उजवा कप उलट्या दिशेने पिळलात तर तो सुटायच्या ऐवजी आणखी आवळत जाईल. आणि बसवताना उजवा कप चांगला दाबून आवळा, कारण चालवता चालवता तो सैल व्हायला बघतो. छर्रे नवे, ग्रीस भरपूर. झाली जोडणी.

हो, आणि जोडलीत तर चालवा. हल्ली हॉटेलात जुन्या सायकली भिंतीला टांगतात. घरोघरी तांब्याच्या बंबात मनी प्लांट लावतात, त्यातलाच प्रकार. बंबात पाणी तापवायचं असतं, एवढं बोलून पुढे जातो.

आता मागचं चाक हातात घ्या. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, मधून एक बारीक सळई आरपार गेलेली दिसेल आणि तिच्या टोकाला छोटी दांडी. दांडी उलटी केली की चाक मोकळं. पाना लागत नाही. ही दांडी आली कुठून, ते ऐका.

साल १९२७, महिना नोव्हेंबर. व्हिचेंझा गावच्या हार्डवेअर दुकानदाराचा मुलगा तुल्लिओ कांपान्योलो, वय सव्वीस, शर्यतीत उतरलेला. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात क्रोचे दाउने नावाचा घाट आहे, तिथून वाट. त्या काळी मागच्या चाकाला दोन अंगांना दोन चक्र्या असत. एक सपाटीची, एक चढाची. गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरायचं, चाक काढायचं, फिरवून दुसऱ्या अंगाने बसवायचं. आणि ते चाक आवळलेलं कशाने? दोन कान असलेल्या नटांनी, बोटांनी पिळायच्या.

बर्फ पडतंय. चढ समोर उभा. तुल्लिओ उतरला, चाक उलटायला वाकला आणि बघतो तर नट गोठलेले. बोटं तर नटांहून गार. पिळतोय, पिळतोय, नट ढिम्म! इकडे मागे टाकलेले गडी एकेक करून शेजारून निघून चाललेत. तेव्हा तो आपल्या बोलीत पुटपुटला म्हणे, मागे काहीतरी बदललं पाहिजे.

शर्यत गेली ती गेलीच. मग वडिलांच्या दुकानामागे खटपट सुरू झाली, त्यातून ही दांडी निघाली आणि १९३३ साली कांपान्योलो कारखाना उभा राहिला. जुनी वर्तमानपत्रं चाळणारे लोक त्या शर्यतीबद्दल आणि बर्फाबद्दल शंका काढतात. काढू देत. घाटमाथ्यावर तुल्लिओचं स्मारक आहे आणि दांडी आपल्या हातात आहे.

पण गडी तिथे थांबला नाही. १९४० च्या दशकात त्याने कांबियो कोर्सा नावाचा गिअर काढला. सीटपासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीला दोन दांड्या. चालत्या सायकलीवर हात मागे न्यायचा, वरच्या दांडीने मागचं चाक सैल करायचं. होय, चालत्या सायकलीचं चाक सैल! मग पायडल उलटं मारत खालच्या दांडीने चेन सरकवायची, चाक दातेरी खाचेत पुढेमागे होऊन चेनचा ताण जुळवणार, की परत आवळायचं. हे उताराला करणारे लोक होते. आता विजेवरचे गिअर आलेत, ते रात्री चार्जिंगला लावतात. घरात चार्जर काय कमी होते?

तुमच्या सायकलीला एवढं धाडस नको. तिचे गिअर तिरक्या नळीवरच्या दोन छोट्या दांड्यांनी बदलतात. टकटक आवाज नाही, खाच नाही. चेन दोन चक्र्यांच्या मध्ये अडकली की खरखरते. खरखर थांबेपर्यंत दांडी जरा जरा सरकवायची. कानाने करायचं काम आहे. इटलीत तस्कनी प्रांतातल्या गायोले गावी १९९७ पासून लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. तिथे १९८७ च्या आधीचीच सायकल चालते आणि गिअरची दांडी नळीवरच लागते.

राहिले पायडलवर पाय आवळून धरणारे चामडी पट्टे. चौक दिसला की थांबण्याआधी, आधी बरं का, वाकून एका पायाचं बकल सैल करा. थांबल्यावर आठवलं तर तुम्ही आणि सायकल एकदमच आडवे व्हाल, आणि चौकात बघायला माणसं असतातच. नमस्कार.