वाटाणा, सुपारी, अंडं

(सिंधुदुर्गातल्या एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत निवृत्त शिक्षिकेने प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

केंद्रप्रमुखांचा फोन आला. म्हणाले, "बाई, वसंत ऋतूवर पहिली ते चौथीला काय उपक्रम घेता येतील ते सांगा. नवीन मंडळी बरीच आहेत." मी हो म्हटलं, पण एक अट घातली. आधी माझी फजिती सांगू द्यायची.

आमच्या द्विशिक्षकी शाळेत संगणक नवा नवा आला होता तेव्हाची गोष्ट. मी मोठ्या हौसेने इंटरनेटवरून 'स्प्रिंग'ची रंगवायची चित्रं शोधली आणि बाजारात जाऊन पदरच्या पैशांनी त्यांच्या झेरॉक्स आणल्या. ट्युलिपची फुलं, अंड्यातून डोकावणारं पिल्लू, रबरी बूट घालून छत्रीखाली उभी असलेली मुलगी. मुलांनी झकास रंगवली. भिंत भरून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरीतला एक मुलगा त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्यां फुल खंयचां?" मी म्हटलं, परदेशातलं. तो म्हणाला, "मगे आमचां खंय आसा?"

शाळेच्या गडग्यापलीकडे काजू मोहरलेले होते आणि त्यांचा वास वर्गात येत होता. मी तो मुद्दा नंतर काढीन म्हणून हजेरी घ्यायला लागले. आणि ती छत्री! फेब्रुवारी महिन्यात, कोकणात! ते तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं, दुसरीकडून आलेल्या गुरुजींच्याही नाही.

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, असं आपण फळ्यावर लिहितो आणि मुलं पाठ करतात. ते चूक नाही. पण इथली झाडं पंचांग उघडून फुलत नाहीत. थंडी पडली की डिसेंबर-जानेवारीत हापूस मोहरतो. काजूही त्याच सुमाराला. मग सावर, पांगारा, पळस, पान नसलेल्या फांद्यांवर लालभडक. सुरंगी फेब्रुवारीपासून दरवळायला लागते. मार्चमध्ये कुसुंबाला अशी लाल पालवी फुटते की लांबून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. आणि बहावा पिवळा होतो तेव्हा आपण निकालपत्रकं लिहीत बसलेलो असतो. म्हणजे मोजायला गेलं तर वसंत चार महिने चालतो. एक दिवस ठरवून 'वसंतोत्सव' करायचा, फोटो गटावर टाकायचा आणि मोकळं व्हायचं, हे मला नंतर जमेना. मी दहा उपक्रमांऐवजी एक उपक्रम चार महिने करायला लागले. आज मुख्यतः तोच सांगते.

तुमच्यापैकी निम्मे तरी घाटावरचे, कोणी मराठवाड्यातले, कोणी विदर्भातले. इथली झाडं ओळखता येत नाहीत म्हणून कोणी संकोचू नका. मला स्वतःला कुसुंब मुलांनी दाखवला. गुरं घेऊन फिरणारी पोरं होती ती. शिक्षकाला ठाऊक नसलेलं एखादं झाड असणं वर्गाला फार उपयोगी पडतं, कारण मग मुलांना खरंच काहीतरी सांगायचं असतं.

तर आमच्या आवारात एक रायवळ आंबा होता. जानेवारीत, हात पोचेल अशा एका फांदीला आम्ही सुतळी बांधली. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी सगळ्यांनी तिथे जायचं आणि फक्त त्या फांदीकडे बघायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रकाने आखले होते: पालवी, कळी, फूल, फळ. पहिलीच्या मुलांनी खूण करायची, चौथीच्यांनी एक वाक्य लिहायचं. देशभरातल्या शाळांतली मुलं झाडांच्या अशाच नोंदी दर आठवड्याला 'सीझनवॉच' या उपक्रमात करतात. ते हवं तर जोडून घ्या. आमच्याकडे तेव्हा नेट नव्हतं म्हणावं इतपतच होतं, कॅलेंडरवर भागलं.

कलमाच्या बागेत मात्र शिरू नका. एक तर तो बागायतदाराचा वर्षाचा संसार आहे, मोहोर तोडला तर तो शाळेत येऊन आपला मोहोर झाडील. दुसरं, तिथे तुडतुड्यांसाठी फवारणी झालेली असते आणि पहिलीतलं मूल हात आधी तोंडात घालतं.

मोहोर आला तेव्हा मी चौथीला विचारलं, एका मोहोरात फुलं किती? कोणी शंभर म्हटलं, कोणी दोनशे. वाऱ्याने पडलेला एक मोहोर आम्ही वर्तमानपत्रावर ठेवला. सगळी फुलं मोजायची म्हटलं तर एप्रिल उजाडला असता. मग एक फाटा मोजला. 36 निघाली. फाटे 34. गुणाकार केला, 1,224. मी खूश, फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, पण वयले फाटे बारके आसत." बरोबर होतं तिचं. आम्ही खालचा मोठा फाटा मोजला होता. मग एक खालचा, एक मधला, एक शेंड्याचा असे तीन मोजले आणि सरासरी काढली. उत्तर बरंच उतरलं. सरासरी हा शब्द त्या वर्गाच्या पुस्तकात नव्हता, पण त्या दिवशी तो वर्गाला लागत होता, म्हणून सांगितला. खरी मजा त्यापुढे. या फुलांतली बरीचशी नुसती नर असतात, त्यांना फळ धरतच नाही. धरलेल्यातली बहुतेक गळतात. झाडाखाली जुनी चादर अंथरून आम्ही रोज सकाळी गळ मोजायला लागलो. आमच्या सुतळीच्या फांदीवर शेवटी तीन आंबे राहिले. हजारातून तीन हे मुलांना वजाबाकीत कधी दिसलं नसतं.

आता भाषा. आंबेवाले बारक्या फळाला काय म्हणतात ते ऐकलंय? आधी वाटाणा. मग सुपारी. मग अंडं. फवारणीचं, खताचं, सगळं बोलणं त्याच मापात चालतं. 'आंबो सुपारीएवढो झालो' म्हटलं की बापाला आणि मुलाला एकच आकार डोळ्यांपुढे येतो. मी पट्टी बाजूला ठेवली आणि टेबलावर खराच वाटाणा, खरी सुपारी आणि कोंबडीचं अंडं ठेवलं. मुलं शुक्रवारी फांदीवरचं फळ बघून यायची आणि सांगायची, सुपारीच्या पुढे गेलं, अंड्याच्या अलीकडे आहे. मग अलीकडे म्हणजे किती, यावर भांडण. भांडण मिटवायला पट्टी लागली. सेंटिमीटर असे आले आमच्याकडे, मुलांच्या मागणीवरून. आणि "बाठो धरल्यान", म्हणजे आत कोय धरली, हे वाक्य ज्या दिवशी पहिलीतल्या एकाने कैरी चावून सांगितलं, ते मी तसंच्या तसं कॅलेंडरवर लिहून घेतलं, प्रमाण भाषेत न बदलता.

काजूचा उपक्रम छोटा आहे पण चांगला रंगतो. मुलांना आधी विचारायचं, बी आधी की बोंड आधी? निम्मी मुलं बोंड म्हणतात, काजूच्या बागेत वाढलेलीसुद्धा. एका घोसाला दोरा बांधून बघायचं. बी आधी येते, हिरवी, पूर्ण वाढते, आणि मग तिच्यामागचा देठ फुगून बोंड होतं. खरं फळ म्हणजे ती बी. पण मी जी चूक केली ती करू नका. मी हिरव्या बिया मुलांच्या हातात दिल्या. एकाने दाताने फोडायला घेतली आणि डीक लागून त्याचा ओठ भाजला. आई आली, रागावली, आणि तिने रागवायलाच हवं होतं. बघायचं, काढायचं, सोलायचं नाही.

पहिलीसाठी पालवी. आंब्याची, पिंपळाची, कुसुंबाची एकेक डहाळी. शेंड्याचं कोवळं तांबूस पान ते खालचं जून हिरवं, अशी पानं जमिनीवर ओळीने लावायची. लहान-मोठं, रंग, क्रम, सगळं त्यात येतं. कोवळं पान लाल का, असं कोणी विचारलंच तर सांगा की हिरवा रंग उशिरा भरतो, आणि तोवर हा तांबडा रंग त्या पानाला उन्हापासून सांभाळतो. डोळे बांधून वास ओळखण्याचा खेळ तुम्ही सगळे घेताच. त्यात पेरू-लिंबाऐवजी सुरंगी, मोहोर आणि करवंदीचं फूल ठेवा, इतकंच. सुरंगी फांदीलाच लगडलेली असते, ती एकदा झाडावर दाखवा. गजऱ्यात बघून मुलांना वाटतं ती वेलीवर येते. कोकिळेचं एवढंच, की गाणारा नर असतो, काळा. मादी ठिपक्यांची, ती कुहू करत नाही. आपल्या कवितांनी शतकानुशतकं बाईला गायला लावलंय.

समुद्राजवळच्या शाळांना आणखी एक भाग्य आहे. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावर अंडी घालतात. रत्नागिरीतल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ही अंडी-पिल्लं राखण्याचं काम सुरू केलं, आपल्याकडे वायंगणीला चालतं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. शाळेच्या वाळूत हातभर खड्डा करून शंभर खडे मोजून घाला, मुलांना तो आकडा हाताला कळतो. पिल्लं बघायला न्यायचं असेल तर तिथल्या कासवमित्रांना विचारून, बॅटरी न पाडता, हात न लावता.

शिमग्याबद्दल तक्रार ऐकते. पालखी घरी येणार, मुंबईकर येणार, पट अर्ध्यावर. मी पंधरा वर्षं चिडले, मग सोडून दिलं. परत आल्यावर प्रत्येकाने पालखी आपल्या वाडीत कुठल्या क्रमाने कुठल्या घरी गेली त्याचा नकाशा काढायचा, एवढंच सांगायला लागले. इतके बिनचूक नकाशे मला भूगोलात कधी मिळाले नाहीत.

मघाशी कोणीतरी चिठ्ठी पाठवली, या सगळ्याला साहित्य कुठून आणायचं? याच कोकण किनाऱ्यावर, वर बोर्डीला, ताराबाई मोडकांनी 1945 साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, खडे, पानं घेतली. पुढे कोसबाडला तर गुरं राखणाऱ्या मुलांमागे त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. माझी सुतळी आणि चादर त्याहून महाग नाही.

शेवटचं, सावलीचं. मीटरभर काठी मैदानात ओळंब्याने सरळ उभी करा. गवंड्याचा ओळंबा मागून आणा, अंदाजाने नको. आपल्याकडे सूर्य त्या दिवसाच्या सर्वांत उंच जागी बाराला पोचत नाही. मार्चमध्ये पाऊण वाजत येतो, एप्रिलमध्ये साडेबारा उलटून जातात. सकाळची शाळा तोवर सुटलेली असते, म्हणून दोन-तीन मोठी मुलं थांबवावी लागतात. 21 मार्चच्या आसपास त्या वेळी सावली साधारण फूटभर भरते. दर आठवड्याला ती आखडते. एप्रिल संपताना जेमतेम दोन बोटं उरते, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी लागते. सिंधुदुर्गात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्यात.

एका वर्षी मी मुलांना सांगून टाकलं, घरी बघा. काठी नसेल तर काहीही उभं ठेवा. जूनमध्ये शाळा उघडली. पाऊस पडत होता, छपराखाली छत्र्यांची रांग होती. तिसरीत गेलेला एक मुलगा, तोच 'आमचां खंय आसा' विचारणारा, दप्तरातून स्टीलचा पेला काढून माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "बाई, ह्यो खळ्यात ठेयललो. सावळी पुरी ह्येच्या बुडाखाली गेली. आये म्हणता, पेलो परत घेवन ये."